धुऊन काढलेली माती

भट्टीताईला राग आला की आधी तिचे कान लाल होतात, मग मान, आणि मग आसपासच्या घरांच्या खिडक्या उघडतात. फुकटची करमणूक कोण सोडणार? पण त्या सकाळी खिडक्या उघडल्या त्या वेगळ्याच कारणाने. ताई मागच्या बागेत एका मिरवेलीच्या बुडाशी उकिडवी बसली होती, हातात पिवळी पडलेली पानं होती आणि तोंडातून आवाजच येत नव्हता. ताई ओरडत नाही म्हटल्यावर सगळ्यांचं धाबं दणाणलं.

वेल मेली होती. मिरवेल मरते ती काही एकदम आडवी होत नाही. आधी पानं मलूल होतात, मग पिवळी, मग टपाटप गळतात, आणि बुडाशी ओढून पाहिलं की मुळं हातात येतात, काळी, बुळबुळीत, सडक्या सुतळीसारखी. ताईने ओढून पाहिलं. मुळं हातात आली. मग मात्र ओरडली.

"मेल्या, गिळलीस ना हिला!"

हे कोणाला उद्देशून होतं ते सांगणं अवघड. मुळं कुजवणाऱ्या रोगाला असेल, भिंतीपलीकडच्या भावाला असेल, नाहीतर थेट आभाळाला. ताईच्या शिव्या सहसा तिघांनाही पुरून उरतात.

भट्टी हे तिचं नाव कोणी ठेवलं ते विचारू नका, विचारणाऱ्यावरच संशय येतो. नोकरी तिने आयुष्यभर एकाच ठिकाणी केली. मसाल्याच्या झाडांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे, तिथल्या प्रयोगशाळेत काचसामान धुणं आणि बाटल्या वाफवणं हे तिचं काम. "मी शास्त्रज्ञांच्या खांद्याला खांदा लावून काम केलंय," असं ती सांगते. शास्त्रज्ञ आतल्या खोलीत असायचे आणि ही बाहेर मोरीपाशी, एवढी बारीकशी गोष्ट सांगायची राहून जाते. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणते, "माणसं बघितली ना."

पण बाटल्या धुता धुता तिने एक विद्या उचलली. बुरशी पाळायची. निवृत्त झाल्यावर तिने घरातल्या मागच्या न्हाणीघराचा कारखाना केला. तांदळाची कणी भिजवायची, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा, मोठ्या कुकरमध्ये वाफवायची आणि गार झाल्यावर त्यात चिमूटभर ट्रायकोडर्मा नावाची बुरशी सोडायची. आठवडाभरात कणी हिरवीगार होते. घरी आलेला पाहुणा हात धुवायला आत गेला आणि फळीवर ओळीने बुरसटलेल्या तांदळाच्या पिशव्या पाहिल्या, की बाहेर येऊन म्हणतो, चहा नको, घाई आहे.

"मूर्ख आहेत सगळे," ताई म्हणते. "बुरशी म्हटलं की नाक मुरडतात. अरे, मुळांच्या भोवती दाटीवाटी असते! बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी ही माझी हिरवी आधी जाऊन जागा धरते. मग तो कुजवणारा येतो, बघतो, सगळीकडे रुमाल. नुसती बसत नाही माझी पोर, त्याला गुंडाळून खाते. आणि बाकीची मंडळी काय कमी आहेत? काही जण मुळाला धागे जोडून लांबलांबून खाणं आणून देतात. झाड एकटं जगतं असं वाटतं का तुम्हाला?"

हे व्याख्यान गल्लीत प्रत्येकाने ऐकलं आहे. दूधवाल्याने तर दोनदा, कारण पहिल्यांदा त्याने जांभई दिली होती.

बाग मूळची आईची. आईने सरळसोट वाढणारी झाडं आधाराला लावली आणि प्रत्येकावर मिरीची वेल चढवली, सगळ्या एकाच वेलीच्या फांद्यांपासून केलेल्या. मिरीचे घोस हातभर लांब, दाणा टपोरा. ही जात दुसऱ्या कोणाकडे नाही. म्हणजे ह्या वेली गेल्या की ती जात गेली, आईच्या हातचं जे काही उरलंय ते गेलं. ताईचा जीव तिथे अडकलेला होता. एकेका वेलीला तिने नावं ठेवली होती, बहुतेक नावं शत्रूंची. मेलेली वेल ही केंद्रातल्या जुन्या हिशेबनिसाच्या नावाची होती, तरी ताईचे डोळे भरून आले.

आईने जाताना मात्र एक घोटाळा करून ठेवला. मुलीला जवळ बोलावून म्हणाली, वेली तुझ्या. मुलाला जवळ बोलावून म्हणाली, माती तुझी. दोघांना वाटलं, आपल्याला सगळं मिळालं. मग जे भांडण झालं त्याने घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, पण बाग काही कापता येईना. वेल कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते, हे कोण सांगणार? शेवटी असं ठरलं, म्हणजे कोणी ठरवलं नाही, आपोआप पडलं, की सकाळी बागेत ताई जाणार आणि संध्याकाळी धाकटा. समोरासमोर यायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही.

धाकटा म्हणजे टाकीवाला. लोकांच्या पाण्याच्या टाक्या साफ करून देणं हा त्याचा धंदा. माणूस कष्टाळू, स्वच्छतेचा भोक्ता, इतका की त्याच्या घरी बसलात तर तुमच्या खालची खुर्ची पुसून घेईल. ब्लीचिंग पावडरीचा वास त्याच्या कपड्यांना, अंगणाला, केसांना कायम. लग्नात नवरदेव म्हणून उभा होता तेव्हाही पहिल्या रांगेतले लोक शिंकत होते.

ह्या दोघांच्या मध्ये भावजय. गरीब गाय म्हणावी अशी. ताई भिंतीच्या अलीकडून निरोप द्यायची, भावजय तो पलीकडे न्यायची, पण जसाच्या तसा नाही. ताई म्हणाली, "त्या टाकी-खरवड्याला सांग, तुझ्या पंपाच्या आवाजाने माझं डोकं उठलंय, बंद कर नाहीतर विहिरीत टाकीन," तर भावजय आत जाऊन सांगायची, "अहो, ताईंना जरा बरं नाहीये, पंप नंतर लावता का?" तिकडून धाकटा म्हणाला, "तिला म्हणावं, तुझ्या बुरसट न्हाणीघराचा वास आवर," तर इकडे येऊन, "ताई, हे विचारत होते, न्हाणीघराला खिडकी मोठी करून हवीय का?" ह्या गाळणीमुळे घर इतकी वर्षं पेटलं नव्हतं.

तर वेल मेली. पुढच्या काही दिवसांत शेजारची. मग तिच्या शेजारची. रोग रांगेने चालला होता, आणि ताईने प्रत्येक बुंध्याशी आपली हिरवी ओतली होती! पिशव्याच्या पिशव्या फोडून, पालापाचोळ्यात मिसळून. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर हिरवा रंग गायब. ताई खूश व्हायची. "आत शिरली," म्हणायची, "कामाला लागली." आणखी पिशव्या फोडायची.

हे चुकतंय असं तिला एकदाही वाटलं नाही. आपलं चुकतंय असं वाटून घेण्याची सवयच नव्हती. आधी तिने कणी देणाऱ्या दुकानदाराला धारेवर धरलं. "औषध मारलेला तांदूळ देतोस?" मग कुकर दुरुस्त करणाऱ्याला. मग हवेला. वेली मरत राहिल्या. शेवटी एकच रांग उरली, कुंपणाकडची, आणि तिच्यातलंही टोकाचं पान पिवळं दिसायला लागलं. तेव्हा ताईने दातओठ खात एका डब्यात माती भरली आणि जुन्या प्रयोगशाळेत भांडायला गेली.

तिथल्या मॅडम हिला ओळखून होत्या. ताई दारातूनच सुरू झाली. "तुमच्याकडून मूळ बुरशी नेली होती मी. ती मेलेली दिलीत! माझी बाग संपवलीत!"

"ताई, बसा. तुमच्या पिशव्या हिरव्या होतात ना?"

"होतात तर."

"मग ती मेलेली कशी? माती बघू. आणि ताई, तुलनेला तुमच्याच आवारातली दुसरी कुठलीतरी माती लागेल. जिथे झाड छान वाढतंय अशी."

ताईकडे दुसरी माती कुठून असणार? दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरून हात घालून भावजयीच्या न्हाणीलगतच्या टबातून मूठभर माती उचलली. त्या टबात भावजयीने आलं लावलं होतं. कंबरेएवढं वाढलेलं, चकचकीत पानांचं. ते पाहून ताईचा नेहमीच जळफळाट व्हायचा, तेव्हा चोरीचं पाप वगैरे काही वाटलं नाही.

मॅडमनी दोन्हीकडची माती पाण्यात कालवून काचेच्या बशांत पसरली. काही दिवसांनी ताईला बोलावलं आणि बशा समोर ठेवल्या. आल्याच्या टबाची बशी बघवत नव्हती इतकी भरलेली. पांढरे ठिपके, पिवळे ठिपके, लोकरीसारखे पुंजके, हिरवं, करडं, एकमेकांच्या अंगावर चढलेलं. बाजाराच्या दिवशी चौकात असतं तसं. आणि मिरवेलीच्या मातीची बशी? कोपऱ्यात दोन-चार टिकल्या. बाकी साफ.

"ही काय भानगड?" ताई म्हणाली.

"मी पण तेच म्हणते," मॅडम म्हणाल्या. "शत्रू असता तर समजलं असतं. इथे ना शत्रू ना मित्र. ऑपरेशनच्या खोलीतली फरशी असावी तशी माती आहे. रोग मुळांच्या आत लपून बसलाय, तो वाचला. बाहेर आला की सगळी जागा मोकळीच. कोणीतरी ही माती धुतंय, ताई. जंतुनाशकाने. आणि सारखं."

ताई उठली. पिशवी उचलली आणि निघाली. घरी पोहोचेपर्यंत तळपायाची आग मस्तकात पोहोचली होती. धुतंय. कोण धुणार? आख्ख्या गल्लीत धुण्याचं वेड कोणाला? वास तर कायमचाच त्या अंगणाला, म्हणून नाकाने इतके दिवस चुगली केली नव्हती.

ती भिंतीपाशी थांबली नाही. फाटक ढकलून सरळ त्याच्या अंगणात शिरली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. धाकटा पंपाचा पाइप गुंडाळत होता. भावजय कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला चिमटा तिथेच पडला.

"माझ्या वेलींच्या बुडाशी काय ओततोस तू?"

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. "तिला सांग, माती माझी आहे."

"तिला कशाला सांगतोस? मी इथे उभी आहे, म्हशीएवढी! मला सांग!"

"ब्लीचिंगचं पाणी," धाकटा म्हणाला. त्याचाही पारा चढला. "रोज संध्याकाळी. आणि ओतणारच! सगळ्या बुंध्यांना हिरवी बुरशी धरली होती. बादल्या वाहून वाहून माझे खांदे गेले. मी धुतलं म्हणून त्या शेवटच्या रांगेतल्या तरी उभ्या आहेत!"

"तू धुतलंस म्हणून बाकीच्या मेल्या! ती बुरशी माझी होती! औषध होतं ते! आंधळ्या, आईच्या वेली मारल्यास तू!"

"तुझी?" धाकट्याच्या हातातून पाइप सुटला. "मग तूच कशाला सांगितलंस?"

"मी काय सांगितलं?"

"बुरशी दिसेल, लक्ष असू दे म्हणून! इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंस. मला वाटलं, ताईने विश्वास टाकला. कामावरून मरमरून आलो तरी बादल्या घेऊन तिकडे जात होतो मी. आणि वर मलाच मारेकरी म्हणतेस?"

मग दोघांच्याही माना एकदमच भावजयीकडे वळल्या.

ताईला आपला निरोप लख्ख आठवत होता. ती म्हणाली होती, "त्या टाकी-खरवड्याला सांग, बुंध्याशी हिरवी बुरशी दिसेल. ती मी लावलीय. हात लावलास तर हात मोडून ठेवीन." भावजयीने आतलं सगळं तिखट काढलं. हात मोडायचा गेला, टाकी-खरवड्या गेला, आणि त्याच गाळणीत "ती मी लावलीय" हेही अडकून राहिलं. पलीकडे पोहोचलं ते इतकंच, बुरशी दिसेल, जरा लक्ष असू दे.

"अगं, तू निरोप दिलास की गाळून फेकलास?" ताई तिच्यावर धावली. "एवढंसं वाक्य लक्षात राहत नाही? वेली गेल्या माझ्या! तुझ्या ह्या गुळमुळीतपणापायी!"

"नीट सांगितलं असतंस तर," धाकट्याने री ओढली, "मी कशाला ओतलं असतं?"

बहीण-भावाचं एकमत झालेलं गल्लीने त्या दिवशी पाहिलं. आणि गरीब गाय उधळलेलीही त्याच दिवशी.

"गाळलं!" भावजय म्हणाली. आवाज इतका चढला की खिडक्यांतले लोक मागे सरकले. "हो, गाळलं! तुम्ही दोघांनी आजवर एक तरी वाक्य असं दिलंत, जे उचलून सरळ पलीकडे नेता येईल? हात मोडीन, विहिरीत टाकीन, तोंड काळं कर! सकाळी ताईंच्या शिव्या, संध्याकाळी तुमच्या! मी काय गटाराची जाळी आहे? सगळा गाळ माझ्याकडे, आणि पाणी नितळ आलं नाही म्हणून ओरडाही मलाच? वेली मी नाही मारल्या. तुम्हा दोघांना तोंडं आहेत. चांगली मोठी आहेत. ती एकमेकांसमोर उघडली असती, तर आज त्या वेली उभ्या असत्या!"

"अगं, पण—" धाकटा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा! माझ्या आल्याच्या टबावरही हेच पाणी ओतायला निघाला होतात. मी आडवी आले म्हणून ते वाचलं."

ताईने टबाकडे पाहिलं. बशीतली ती गर्दी तिच्या डोळ्यांसमोर आली. आपल्या पिशव्यांना हिरवं व्हायला आठवडा लागेल, आणि शेवटच्या रांगेत पान पिवळं पडून बसलंय.

"ती माती लागेल," ती हळू म्हणाली. "त्या टबातली. जिवंत आहे ती."

"तुम्हाला कसं कळलं?"

ताईने टबावरची नजर काढली. "एक मूठ नेली होती."

"चोरलीत?"

"नेली होती म्हटलं ना!"

भावजय जाऊन टबाच्या काठावर बसली. मांडीवर हात ठेवले. "मागा," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे बघून नका मागू. एकमेकांना सांगा, काय झालं आणि काय हवंय. मी फक्त ऐकणार आहे. एक अक्षर इकडचं तिकडे नेणार नाही, आज नाही आणि ह्यापुढेही नाही."

आजवर ताईने सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटले होते. तिला कोणी असं बसवून ठेवलेलं कधी कोणी पाहिलं नव्हतं. ती फाटकाकडे वळलीसुद्धा. दोन पावलं गेली. मग परत आली, आणि भावाच्या छातीकडे बघत, वर नाही, म्हणाली, "मी बुरशी लावते हे तुला मीच येऊन सांगायला हवं होतं. रंग नाहीसा व्हायचा तेव्हा मी बघायला हवं होतं कुठे जातो. मला वाटलं, मला कळतं."

"मी धुतली," धाकटा म्हणाला. "मला वाटलं, घाण आहे." थोडा वेळ त्याने पाइप पायाने इकडेतिकडे केला. "उरलेल्या वाचतील का?"

"न वाचायला काय झालं! नाही वाचल्या तर तुझं—" ताईने भावजयीकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं. "माहीत नाही मला," ती म्हणाली.

भावजय उठली. घरातून एक घमेलं आणलं, ताईच्या हातात दिलं आणि पुन्हा कपडे वाळत घालायला लागली. पाठ करून.

त्या दिवशी उजेड असेपर्यंत बहीण-भाऊ शेवटच्या रांगेत वाकलेले होते. ताई आल्याची माती मुळांपाशी पसरत होती, धाकटा वर पाचोळा टाकत होता. गोडीगुलाबीने नव्हे हं, गैरसमज नको. "अरे, इतका जाड नको, मुळांना श्वास हवा!" "मग तू टाक!" "टाकीन की! तुला काय येतं पाणी ओतण्याशिवाय?" आता मधे कोणी नसल्यामुळे शिव्या ताज्या पोहोचत होत्या. पुढेही रोज तेच. फरक एवढाच की ताई पिशवी फोडायच्या आधी बोंबलून सांगायची, "हिरवी टाकतेय!" आणि धाकटा पलीकडून बोंबलायचा, "ऐकू आलं! बहिरा नाहीये मी!"

टोकाची वेल गेलीच. ती ताईने स्वतः उपटली, कोणाला हात लावू दिला नाही. तिच्या शेजारची अर्धी झडली. बाकीच्या तशाच उभ्या राहिल्या, ना जगल्या ना मेल्या. ताई रोज बुडाशी बसून माती हुंगायची. धाकट्याने संध्याकाळचं कामावरून आल्यावर आधी अंघोळ करायची सवय लावून घेतली आणि मगच तो रांगेकडे जायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग एका सकाळी, ताईची वेळ असताना, बागेतून हाक आली. "ताई! ए ताई! इकडे ये!"

ताई केस विंचरत होती. तशीच धावली. धाकटा अर्ध्या झडलेल्या वेलीपाशी उभा होता आणि बोटाने दाखवत होता. बुडाजवळच्या पेरावर एक कोंब, तांबूस, नखाएवढा. ताई गुडघ्यांवर बसली. पाचोळा बाजूला सारला. खाली मातीत बारीक पांढरी मुळं होती, ओली, ताठ, माती धरून बसलेली.

"आधी मी पाहिला," धाकटा म्हणाला.

"मला कालच दिसला होता," ताई म्हणाली. खोटं. तिला दिसला नव्हता, आणि त्याला आधी दिसला ह्याचा तिला इतका राग आला होता की तिने हातातला कंगवा पाचोळ्यात खुपसला. "आणि सकाळी कशाला आलास इथे? ही माझी वेळ आहे."

"माझ्या मातीत आलोय."

"मग जरा बाजूला हो. त्याच्यावर सावली पडतेय तुझी."

तो झाला बाजूला. पण जेमतेम.